कागदावर जेवलेली पोरं

“ठेव ते खाली. पुढच्या पाड्याला न्यायचंय.”

असं मॅडम यमुनाला म्हणाल्या. यमुना चार वर्षांची. तिच्या मुठीत एक उकडलेलं अंडं होतं, अजून सोललंही नव्हतं. मॅडम काय म्हणाल्या ते तिला ऐकू गेलं, पण कळलं नाही. तिनं मूठ आणखी घट्ट केली. मग मॅडम वाकल्या, तिची बोटं एकेक करून उघडली, अंडं काढून घेतलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. यमुना रडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी त्या अंगणवाडीची सेविका, पोरं मला बाई म्हणतात. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मी मान खाली घातली.

हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगणार आहे त्यात मी कदाचित शूर वाटेन. त्या दिवशी मी शूर-बिर काही नव्हते. नोकरी जाईल म्हणून टरकले होते.

आमचा पाडा हरसूलच्या पलीकडं, डोंगरात. बारावी झालेली पाड्यातली पहिली सून मी, म्हणून ही नोकरी मिळाली. बारा वर्षं झाली. आमच्याकडं आहाराचा नियम कडक आहे. पोरं, गरोदर बाया, बाळंतिणी, सगळ्यांनी अंगणवाडीतच यायचं आणि माझ्यासमोर बसून खायचं. घरी न्यायचं नाही. घरी नेलं की ते नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या ताटात जातं, हे आम्हाला पक्कं माहीत. अंडी आली की उकडायची, ज्याच्या त्याच्या हातात द्यायची, आणि शेवटी टरफलं गोळा करून बघायची. टरफल सापडलं म्हणजे अंडं पोटात गेलं. ही पद्धत मला ऑफिसनंच शिकवली. मी बारा वर्षं इमानदारीनं पाळली.

मग अंडी यायची बंद झाली. पहिल्यांदा वाटलं, आठ दिवसांत येतील. महिना गेला. भाताची लावणी झाली, भात कापून झाला, तरी अंडी नाहीत. तांदूळ यायचा. डाळ यायची, कधी नाही यायची. पाड्यातल्या बायांनी काही दिवस आपापल्या कोंबड्यांची अंडी आणून दिली, एकेक, दोन-दोन. पण त्या कोंबड्यांवर त्यांचंही घर चालतं. मी तरी किती दिवस तोंड वर करून मागणार?

ऑफिसात एक क्लार्क भाऊ आहेत, वयस्कर, माणूस सरळ. मीटिंगला गेले तेव्हा त्यांना विचारलं, “भाऊ, अंड्यांचं काय?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, वर खेचाखेच चाललीय. निवडणुकीच्या आधी सगळ्यांनी मिळून लोकांना पैसे वाटले, आता तिजोरीत तूट. मग आपल्या खात्याचा पैसा दुसरीकडं वळवला. आपला मंत्री रुसला. तिजोरी ज्याच्या हातात तो दुसऱ्या पार्टीचा. सरकार एकच, पण दोघं एकमेकांच्या फायली अडवून बसलेत.”

“मग कधी मिटंल?”

“मिटेल तेव्हा मिटेल. तोवर आहार चालू दाखवायचा.”

“दाखवायचा म्हंजी?”

भाऊंनी चष्मा परत लावला आणि फाईल उघडली. मला वाटलं, माणसाला काम असेल. मी घरी आले.

दाखवायचा म्हणजे काय, ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

अधिवेशनात कुणीतरी कुपोषणावर प्रश्न विचारला होता म्हणे. मग खालपर्यंत धावपळ सुरू झाली. एका सकाळी ऑफिसची जीप पाड्यावर आली. ड्रायव्हरनं अंड्यांचा एक ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “ताई, मॅडमनी पाठवलीत. नीट ठेवा. अकराला मॅडम अन् साहेब येणार हायेत.” जीप लगेच पुढं गेली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? इतक्या महिन्यांनी अंडी आली. अंगणवाडीत अंडी कशाला येतात? मला तर देवच पावला असं झालं. मदतनीस त्या दिवशी माहेरी गेलेली, मी एकटीच. मी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि सगळी अंडी उकडली. बायांना हाक मारली. पोरं ओळीनं बसली. काहींनी अंडं सोलायच्या आधी गालाला लावून बघितलं, गरम लागतं म्हणून. एका पोरानं पिवळा बलक शेवटी खायचा म्हणून बाजूला काढून ठेवला आणि त्याच्या बहिणीनं तो पळवला. लय हसलो आम्ही. तीन अंडी मी झाकून ठेवली. यमुना आणि आणखी दोघं लांबच्या वस्तीवरून येतात, त्यांना उशीर होतो.

अकराला मॅडम आल्या. पर्यवेक्षिका मॅडम, आमच्या वीस-बावीस अंगणवाड्या त्यांच्याकडं. त्यांच्या वरच्या साहेबांची, प्रकल्प अधिकाऱ्यांची, गाडी मागून येत होती. मॅडमनी रिकामा ट्रे बघितला. मग टरफलांचं टोपलं बघितलं.

“अंडी कुठायत?”

“वाटली मॅडम. सगळ्यांनी खाल्ली. टरफलं ठेवलीत बघा.”

मी शाबासकीच्या आशेनं उभी. मॅडमचं तोंड पांढरं पडलं.

“अगं बाई, ती खायला नव्हती! आज पाच पाड्यांवर फोटो काढायचेत. एवढा एकच ट्रे होता!”

मला काही कळेना. मी विचारलंही, “मॅडम, मग पाचव्या पाड्यावर झाल्यावर कोण खाणार होतं?” खरंच भोळेपणानं विचारलं. मॅडमना वाटलं मी टोमणा मारते.

तेवढ्यात साहेब आले. मॅडमनी त्यांना सांगितलं, माझ्यासमोर, बायांसमोर, पोरांसमोर: “सर, यांना किती शिकवा. हातात काही पडलं की लगेच तोंडात. हे लोक असेच.”

साहेब हसले. वाईट हसले असं नाही, आपण घरात मांजरानं दूध सांडल्यावर हसतो तसे. म्हणाले, “ठीक आहे हो. टरफलं आहेत ना? उपडी मांडा. कॅमेऱ्यात कुठं कळतंय.”

आणि मी मांडली. दुसऱ्या कुणी नाही, मी. टोपल्यातून अर्धी अर्धी टरफलं निवडली, न फुटलेला भाग वर करून प्रत्येक पोराच्या ताटलीत ठेवली. झाकून ठेवलेली तीन अंडी मॅडमनी पुढच्या रांगेत ठेवायला लावली. पोरांना म्हणाल्या, “हसा.” पोरं हसली. त्यांना वाटलं नवा खेळ आहे. मोबाईलवरून फोटो वर गेला, त्यासोबत वेळ गेली, ठिकाण गेलं. त्या दिवशी आमच्या पाड्यावर पूर्ण आहार वाटप झालं, अशी नोंद झाली.

यमुना आली ती तेव्हाच, आजीचा हात धरून. तिची आई दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यात कामाला, बापही तिकडंच, पोरगी आजीजवळ. ती सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसली आणि ताटलीतलं अंडं उचललं. पुढचं मी सांगितलंच आहे.

आजी, अनसाबाई, दारात उभी राहून सगळं बघत होती. मॅडम गाडीत बसल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “बाई, तू तरी काय करशील. तुला पगार हाय.”

हे मला मॅडमनी केलेल्या अपमानापेक्षा जास्त लागलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या महिन्याच्या मीटिंगला मॅडमनी मला उभं केलं. हॉलमध्ये सगळ्या सेविका. “या बाई बघा. शासनाची अंडी वाटून मोकळ्या झाल्या.” बाया हसल्या. माझ्यासारख्याच बाया. ज्यांच्या पाड्यावर तोच ट्रे फिरून गेला असता त्या. मी त्यांना दोष देत नाही. हसल्या नसत्या तर पुढचा नंबर त्यांचा होता. मी उभी होते, मीटिंग संपेपर्यंत उभीच. बस म्हणायला मॅडम विसरल्या, का मुद्दाम नाही म्हणाल्या, माहीत नाही.

त्याच मीटिंगमध्ये वजनाचा विषय निघाला. दर महिन्याला आम्ही पोरांची वजनं घेतो आणि मोबाईलमध्ये भरतो. वजन बरं असेल तर हिरवा रंग येतो, कमी पडलं तर पिवळा, फारच कमी पडलं तर लाल. लाल आलं की पोराला नाशिकला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. तिथं आईला, नाहीतर जो कुणी सोबत असेल त्याला, दोन आठवडे पोराजवळ राहता येतं. औषध मिळतं, चारदा खायला मिळतं. पण त्यासाठी मोबाईलमध्ये लाल यावं लागतं.

मॅडम म्हणाल्या, “या महिन्यात कुणाचं लाल येता कामा नये. आपल्याकडं आहार चालू आहे, फोटो आहेत. आहार चालू असताना वजन घटेल कसं? वर काय उत्तर देऊ मी?”

आणि माझ्याकडं बघून: “तू तर बोलूच नकोस.”

पाड्यावर येऊन मी वजनं घेतली. आमच्याकडं अजून टांगायचा काटा आहे, अंगणवाडीच्या आढ्याला लावतो, त्याला कापडी झोळी. यमुनाला झोळीत बसवलं. काटा थांबला तिथला आकडा मी वाचला. मागच्या महिन्यापेक्षा बरंच कमी. मी तिला खाली घेतलं, परत बसवलं. काटा तिथंच.

मोबाईल हातात घेऊन मी लय वेळ बसले. मग तिच्या नावापुढं एक किलो वाढवून लिहिलं. हिरवं आलं.

लिहिलं मी. माझ्या बोटानं. मॅडमचं बोट नव्हतं ते. कुणी म्हणेल तुला भाग पाडलं. हो, पाडलं. पण माझी दोन पोरं शाळेत आहेत, घरात नवऱ्याचं पाठीचं दुखणं आहे, तोही हिशोब मीच मनात केला आणि यमुनाला बाजूला सारलं. त्या रात्री जेवण गेलं नाही वगैरे मी सांगणार नाही. जेवले मी. झोपलेही.

अठराव्या दिवशी अनसाबाई पोरीला खांद्यावर टाकून आली. “बाई, डोळं उघडत नाय ही. हगवण थांबंना.”

पोरगी हातात घेतली तर काही वजनच नाही. पाय सुजलेले. त्या क्षणी नोकरी, मॅडम, साहेब, सगळं डोक्यातून गेलं. आम्ही दोघी हरसूलच्या स्टँडवर आलो आणि नाशिकच्या एस्टीत बसलो. शहराजवळ आलो तर रस्ता एका बाजूनं उकरलेला. सिंहस्थाची कामं चाललीत. मोठाली मशिनं, ट्रकच्या ट्रक खडी. गाडी तिथं अडकली. यमुना माझ्या मांडीवर, श्वास वरच्या वर. खिडकीसमोर दोन बॅनर. दोन्हीवर तोच रस्ता, निधी दिल्याबद्दल जाहीर आभार. एकावर एका पार्टीचा नेता, दुसऱ्यावर दुसरीचा. ज्या दोघांच्या भांडणात आमच्या पोरांचं अंडं अडकलं, त्याच दोन पार्ट्या. इथं दोघांना पैसा दिसत होता. इथं भांडण फक्त आभार कुणाचे मानायचे यावर होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये मोठ्यानं शिवी दिली. अनसाबाई घाबरली. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून बघितलं. बघू दे म्हटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी पोरीला सलाईन लावलं. मग कॉम्प्युटर उघडून यमुनाचं नाव शोधलं आणि माझ्याकडं वळल्या.

“तुम्ही हिची अंगणवाडी सेविका?”

“हो.”

“मागच्या महिन्यात हिरव्यात आहे ही. अठरा दिवसांत एवढं वजन जात नाही. घरी काय घातलं हिला? आजी, काय खायला घालत होता तुम्ही पोरीला?”

अनसाबाईनं हात जोडले. “आमचं चुकलं असंल, बाई. आमाला काय कळतंय?”

तिचं चुकलं! जिनं स्वतः कण्या खाऊन पोरीला भात घातला, ती हात जोडून उभी होती. आणि मी, जिनं हिरवं केलं, खुर्चीवर बसले होते. तेव्हा मला या सगळ्या यंत्राचा आकार कळला. वर दोघं भांडणार, मधले कागद नीट ठेवणार, मी आकडा लिहिणार, आणि पोरगी मेली की खापर या म्हातारीच्या डोक्यावर. दरवेळी असंच झालं असणार. आमच्या पाड्यावर याआधी गेलेली पोरं मला आठवली, त्यांच्या आयांना मीच बोलले होते, “लक्ष नाही दिलंस गं.” मला माझी लाज वाटली. अशी लाज की तिला काही औषध नाही.

मी उठले. म्हटलं, “डॉक्टर, आजीचं काही चुकलं नाही. ते वजन खोटं आहे. मी लिहिलंय. वरून सांगितलं म्हणून लिहिलं. आणि अंडी सहा महिने नाहीत. फोटोत आहेत ती टरफलं आहेत.”

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं. “हे तुम्ही लेखी द्याल?”

“कागद द्या,” मी म्हणाले.

तिथंच, स्टुलावर, यमुनाच्या उशाशी बसून लिहिलं. अनसाबाईला वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला.

संध्याकाळच्या आत मॅडमचा फोन. “काय बोललीस तू डॉक्टरला?”

“खरं बोलले.”

“अक्कल आहे का? साहेबांवर येणार, माझ्यावर येणार. तुझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग?”

“मग काही नाही, मॅडम. यमुनाचं वजन किती लिहू? तुम्ही सांगा, मी ऐकते. पण सांगताना तुमचं नाव पण सांगा.”

फोन कट.

यमुना जगली. पंधरा दिवसांनी घरी आली. पण कुणी मला याबद्दल चांगलं म्हणू नये. ती त्याच घरात परत आली, त्याच चुलीजवळ. अंडी अजून आलेली नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, परत असं झालं तर सांगता येत नाही.

आणि मला नोटीस आली. चुकीची माहिती भरून शासनाची दिशाभूल केली, असं लिहिलंय. खरंच आहे, केली. खाली साहेबांची सही. क्लार्क भाऊंनी हळूच फोन करून सांगितलं, “ताई, सोमवारी या. माफीचा अर्ज द्या, गैरसमजातून बोलले म्हणा. मॅडम मिटवून घेतील. पोराबाळांचं बघा.”

त्यांच्या बोलण्यात काळजी होती. मला राग नाही आला. पण मी गेल्या आठवड्यात परत सगळ्या पोरांची वजनं घेतली आहेत. कुणाला न विचारता, काट्यावर दिसलं तेवढं. यमुना धरून सहा पोरं लालमध्ये आहेत. मॅडमच्या हिशोबात सहाही हिरवी.

नवऱ्याला रात्री सांगितलं. तो म्हणाला, “नोकरी गेली तर मी सुतारकाम परत सुरू करीन. बसून होतं तेवढं.” त्याची पाठ मला माहीत आहे. तरी तो म्हणाला.

बाकीच्या पाचही आयांच्या घरी मी स्वतः गेले. दोघींच्या सासवांनी मला हाकललं. पोरांचं नाव खराब होतं म्हणे, सरकार रेशन बंद करील म्हणे. मी परत गेले. अनसाबाई माझ्यासोबत आली आणि त्यांच्या ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही सासवा पोरं पाठवायला तयार झाल्या.

सोमवारी मी ऑफिसात जाणार आहे. माफी मागायला नाही. सहा पोरं, पाच आया आणि अनसाबाई माझ्यासोबत असतील. काटा मी आढ्यावरून काढून पिशवीत भरलाय. साहेबांच्या केबिनच्या दाराला तो टांगायचा. एकेक पोर झोळीत बसवायचं. साहेबांना म्हणायचं, या, जवळ येऊन बघा, आकडा वाचा.

पण या वेळी लिहायचं मी नाही. पेन त्यांच्या हातात देणार. साहेबांनी लिहायचं, स्वतःच्या अक्षरात, खाली सही करायची. सही होईपर्यंत आम्ही तिथून हलणार नाही.